खरवडलेली टेकडी

संपादकांचे पत्र आले. तीस वर्षे फोटोचे दुकान चालवलेत, त्यातल्या चार गमती लिहून पाठवा, वाचकांची दिवाळी गोड करा, असे त्यात होते. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की दुसऱ्या पानावर लेखणी एकाच जागी येऊन अडते. म्हणून एकदोन गमती आधी उरकून घेतो आणि मग जे लिहायचे आहे ते लिहितो. दिवाळीत कडू लिहू नये म्हणतात. पण पहिल्या आंघोळीला कारीट फोडून जिभेला लावतोच की आपण.

माझे दुकान सोलापुरात बाजाररस्त्यावर, माडीवर. छपराचा उत्तरेकडचा भाग काचेचा, कारण आमचा सगळा धंदा सूर्यावर. भिंतीला एक रंगवलेला पडदा होता. त्यावर मोठे तळे, तळ्यात हंस, काठाला कमळे. उन्हाळ्यात गावाला प्यायच्या पाण्याची ओरड असे, पण माझ्या माडीवर तळे बारमाही भरलेले. लोक घागरी रांगेत ठेवून यायचे आणि त्या तळ्याकाठी उभे राहून फोटो काढून घ्यायचे. एका बार्शीच्या आडत्याने तर, पाणी नीट दिसते का, असे मला तीनदा विचारले. स्वतःचा चेहरा कसा आलाय हे विचारले नाही.

बाहेरच्यांना वाटते की बटण दाबले की फोटो झाला. खरे काम नंतरचे. फोटो आधी काचेवर येतो आणि तो उलटा असतो: उजेड तिथे काळे, काळोख तिथे पारदर्शक. ती काच कागदावर छापली की जग पुन्हा सुलट होते. काच हातात असेपर्यंत फोटोवाला ब्रह्मदेव. टोकदार पेन्सिलीने देवीचे वण बुजवायचे, पडलेला दात बसवायचा. एखादी वस्तू नको असेल तर काचेवर तिच्यावर लाल रंग लावायचा. छापताना तिथे कोरे पांढरे उमटते. एका सराफाने कुटुंबाचा फोटो काढला आणि महिन्याभरात मेव्हण्याशी भांडण केले. मेव्हण्याला काढून टाका म्हणाला. मी लाल रंगाने मेव्हणा पुसला. पुढच्या वर्षी समेट झाला, तेव्हा ओल्या बोळ्याने रंग धुतला आणि मेव्हणा हसत परत आला. रंगाचे हे बरे असते. चाकूने खरवडले तर मात्र गेले ते गेले.

हे एवढे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

आमच्या गल्लीत एक डॉक्टर होते. त्यांनी मोटार घेतली. त्या काळी सोलापुरात मोटार घेणारा ड्रायव्हर ठेवी आणि आपण मागे पानाचा डबा घेऊन बसे. डॉक्टरांचे शास्त्र निराळे. परक्याच्या हाती चाक दिले की सुट्टी त्याची होते, आपली होत नाही, असे त्यांचे म्हणणे. विलायती मासिकांत आफ्रिकेतल्या मोटारसहलींची चित्रे पाहून त्यांच्या डोक्यात भरले होते की आपणही चार दिवस स्वतः गाडी हाकत माळावर हिंडायचे आणि जनावरांचे, देखाव्यांचे फोटो आणायचे. सिंह नाहीत तर नाहीत, काळवीट आहेत, लांडगे आहेत, माळढोक आहे. फोटो काढायला मी.

मी एका बोलण्यात तयार झालो. पितृपंधरवडा होता. त्या पंधरा दिवसांत फोटो काढून घ्यायला कोणी जिना चढत नाही. पण खरे कारण ते नव्हते. जन्मभर रंगवलेल्या तळ्यापुढे माणसे उभी केली होती. एकदा तरी देवाने रंगवलेल्या पडद्यापुढचे चित्र आपल्या हातून निघावे, ही फार दिवसांची भूक होती. त्या भुकेने काय खाल्ले ते आता सांगतो.

पहिले दोन दिवस हसण्यात गेले. पाऊस नुकताच उघडला होता, माळावर गुडघाभर गवत, मधूनमधून तरवडाची पिवळी फुले. डॉक्टर चाक दोन्ही हातांनी असे आवळून धरत की जणू ते कोणी चोरून नेणार आहे. बैलगाडी समोर आली की ते आपणच खाली उतरून बैलांना वाट देत. काळविटांचा कळप दिसला की गाडी पळवायचे, आणि मी धक्के खात काच उघडायचो. बारा काचा त्यात घालवल्या. धुतल्यावर अकरा काचांवर ढगासारखे काहीतरी आले आणि बाराव्या काचेवर डॉक्टरांची टोपी.

तिसऱ्या दिवशी बार्शीच्या वाटेवरून आत वळलो आणि गाडी काळ्या मातीत रुतली. सोलापूरच्या काळ्या मातीने एकदा पाय धरला की ती सोडत नाही. तिथे दोन धनगर भाऊ मेंढ्या चारत होते. थोरला सिदबा, साठीचा, कमी बोलणारा. धाकटा मायाप्पा, तिशीतला, सारखा हसणारा. दोघांनी चाकाखाली दगड रचले, दोर लावला आणि गाडी वर काढली. काढताना मायाप्पाने डॉक्टरांना विचारले की तुमचं हे जनावर गवत खात नाही, तर अडतं कशापायी? डॉक्टरही हसले. त्या दुपारी भाकरी त्यांच्या वाड्यावरच झाली. वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरे कोंडायचे काट्यांचे कुंपण आणि शेजारी त्यांची पाले.

जेवताना मी माळढोकाची चौकशी केली. मायाप्पा काही बोलणार तोच सिदबाने त्याच्याकडे पाहिले आणि तो गप्प बसला. बऱ्याच वेळाने सिदबा आपण होऊन म्हणाला, की पक्षीण जवळच अंड्यावर बसली आहे. त्याच्या बापाच्या वेळेपासून ती जात ह्याच माळावर अंडे घालते. सालाला एकच अंडे. ती बसली की हे भाऊ महिनाभर मेंढरे त्या उतारावर नेत नाहीत. पाण्याला लांबचा वळसा पडतो, तो घेतात. ती उठून गेली तर माळाची बरकत गेली, असे त्यांच्या घरात धरलेले.

मग त्याने कमरेची पिशवी सोडली आणि बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, तळहातावर घेतली.

“तात्या, दावतो तुमाला. मातूर ती कुटं हाय ते कुनाला सांगनार न्हाय, म्हून ह्यो उचला.”

गावात मला सगळे तात्या म्हणतात, ते त्याने डॉक्टरांच्या तोंडून ऐकले होते. डॉक्टरांनी चिमूट उचलून कपाळाला लावली. मीही लावली. अगदी मनापासून लावली. खोटेपणा तेव्हा माझ्या मनात तिळाएवढा नव्हता, हे लिहून काही उपयोग नाही, तरी लिहितो.

पक्षीण माणूस दिसला की उठते, पण मेंढरांना ओळखते. म्हणून भावांनी युक्ती काढली. निवडक मेंढरे घेऊन ते उताराच्या कडेपर्यंत हळूहळू निघाले आणि त्यांच्या मधोमध, अंगावर काळी घोंगडी घेऊन, कॅमेरा पोटाशी धरून मी ओणवा चाललो. फोटोवाल्याची हयात काळ्या कापडाखालीच जाते, तेव्हा मला अवघड वाटले नाही. मायाप्पा कानाशी येऊन म्हणाला, “आता तुमी मेंढरू, तात्या. खोकू नगा.” चाळीस पावलांवर मला तरवडाच्या झुडपाआड बसवून ते मेंढरे घेऊन परत गेले.

घोंगडीखाली दोन तास बसलो. घामाने चष्मा घसरत होता. घोंगडीच्या भोकातून पक्षीण दिसत होती: मातीच्या रंगाची पाठ, लांब पांढरी मान. तिच्या मागे उतार आणि उतारामागे टेकडी, तिच्या माथ्यावर अर्धा पडलेला बुरूज. पक्षीण आणि गवत एवढेच घेतले असते तरी चित्र झाले असते. पण मी पडदावाला. मागे देखावा नसेल तर मला चित्र नागडे वाटते. मी कॅमेरा दोन बोटे डावीकडे वळवला, बुरूज चौकटीत यावा म्हणून. एवढ्यात ती उठली, चोचीने अंडे फिरवले आणि मान उंच करून माझ्याकडे पाहिले. मी दाबले. ती पुन्हा बसली.

काच धुतली तेव्हा अंधारखोलीत माझ्या डोळ्यांना पाणी आले. पक्षीण, तिच्या पायाशी अंडे, ढगाची सावली, बुरुजाची टेकडी. सगळे होते. असे चित्र माझ्या हातून आधी झाले नव्हते, नंतरही नाही. मी त्याची मोठी प्रत काढून घटस्थापनेच्या दिवशी जिन्याखालच्या काचेच्या पेटीत लावली. लोक थांबून पाहू लागले. कुठले हे, असे विचारू लागले. मी मान हलवायचो. वचन दिलेय, सांगता येत नाही म्हणायचो. ते म्हणताना छाती फुगायची.

दोन दिवसांनी मुंबईचे एक कापसाचे दलाल वर आले. गावात कुणाकडे पाहुणे होते. त्यांनी फोटो भिंग लावून पाहिला. जागा विचारली, मी नाही म्हणालो. त्यांनी आग्रह केला नाही. छान, वचन पाळले पाहिजे, असे म्हणाले आणि एक प्रत घेऊन गेले. मला वाटले, जाणकार माणूस.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. मागून नोकराने पोत्यात काहीतरी आणले होते. पोते माझ्या पडद्यापुढे ओतले. मान ओळखीची होती.

त्यांना तिच्यासोबत फोटो हवा होता, बंदूक घेऊन, एक पाय तिच्या अंगावर. मी विचारले, कशी सापडली? त्यांनी कोटाच्या खिशातून माझीच प्रत काढली. बुरुजाभोवती पेन्सिलीने गोल केला होता. असा बुरूज साऱ्या टापूत एकच, असे त्यांना पहिल्याच माणसाने सांगितले. सावलीवरून बाजू कळली. “तुम्ही तोंड उघडलं नाहीत, तात्या,” ते हसून म्हणाले, “पण तुमचा फोटो फार बोलका आहे.”

वाचक म्हणतील, मी त्यांना जिन्यावरून खाली ढकलले असेल. नाही. मी त्यांचा फोटो काढला. गिऱ्हाईक उभे होते, काच भरलेली होती, ऊन सरत होते. पिसे नीट दिसावीत म्हणून मी स्वतः खाली बसून तिची मान हंसांच्या बाजूला वळवली. धंद्याची सवय हाताला असते, तिला लाज नसते.

ते गेल्यावर मी पेटीतला फोटो काढला आणि मूळ काचेसकट टेबलाच्या खणात ठेवला. डॉक्टरांना सांगायला गेलो नाही. उद्या सांगू म्हटले.

चौथ्या दिवशी सिदबा आला. सोलापुरात तो जन्मात दोनतीनदा आला असेल. जिना चढून आल्यावर पडद्यावरचे तळे पाहून तो क्षणभर थबकला आणि मग त्याने तिकडे पाठ केली. टेबलाशी उभा राहिला. बस म्हटले तर बसला नाही. पक्षीण नेली, अंडे गार होऊन पडले होते, ते बुरजाखाली पुरले, असे त्याने सांगितले. त्या जागेचा पत्ता चौघांनाच होता. डॉक्टरांकडे तो आधी जाऊन आला होता; डॉक्टरांनी भंडारा उचलला होता. आता त्याने पिशवी माझ्यापुढे सोडली.

“तुमी कुनाला सांगितलं?”

“माझ्या तोंडून एक शब्द गेला नाही,” मी म्हणालो.

“मग उचला.”

मी उचलला. कपाळाला लावला. शब्द गेलाच नव्हता. शपथ अक्षरन् अक्षर खरी होती. एखादा वकीलही तीत खोट काढू शकला नसता. सिदबाने माझ्या कपाळाकडे पाहिले.

“म्हंजे घरातच फुटलं,” तो म्हणाला, आणि पिशवी बांधून जिना उतरला.

घरातच म्हणजे कोण, हे मला कळत होते. चौघांतले दोन आम्ही, तिसरा तो, राहिला एक. खिडकीतून हाक मारली असती तरी तो वळला असता. मी हाक मारली नाही. मनाला समजावले की भाऊ भाऊ आहेत, चार दिवस बोलणार नाहीत, मग सराफ-मेव्हण्यासारखे होईल. मग खण उघडला, काच काढली आणि चाकू घेऊन टेकडी खरवडायला बसलो. रंग लावता आला असता. रंग माझ्या मनाला पुरला नसता. बुरूज, टेकडी, उतार, सगळे तळापर्यंत खरवडले. खरवडलेली जागा छापली की डांबरासारखी काळी येते, म्हणून मग तिच्यावर लाल रंग थापला. प्रत काढली, तर कोऱ्या पांढऱ्यात एक पक्षीण उभी. पुढे कित्येक वर्षे लोक त्या फोटोला वाखाणत आले. काय स्वच्छ आलाय म्हणत.

डॉक्टरांना मी शेवटी सांगितले. त्यांनी पुढच्याच वर्षी मोटार विकली. माळावर जाऊन सिदबाला खरे सांगू, असे दोनदा ठरवले. एकदा लग्नसराई आडवी आली. दुसऱ्यांदा काहीच आडवे आले नव्हते.

गेल्या वर्षी एक माणूस जिना चढून आला. केस पांढरे, खांद्याला गोणपाटाचे घट्टे. नाव सांगितले तरी मला पटेना. मायाप्पा. इथेच होता, सोलापुरात, एका गिरणीच्या गोदामात कापसाच्या गाठी ओढत होता. माझ्या दुकानाखालून रोज जात होता म्हणे. हसणे गेले होते. सिदबा वारला, ते त्याला दिवस झाल्यावर कळले. टेकडीच्या पायथ्याला त्याला माती दिली आहे.

“मला माळ बंद हाय,” तो म्हणाला. “भंडारा उचलला न्हाय म्हून थोरल्यानं बंद केला, त्यो आता गेला, म्हंजे बंदी उठवनार कोन? त्या दिशीच्या फोटूत टेकडी आली आसंल की. तेवडी बगून जातो.”

मी विचारले, तू भंडारा का उचलला नाहीस? तू तर सांगितले नव्हतेस. हे बोललो आणि माझे मलाच ऐकू आले की मी काय कबूल केले.

त्याच्या ते ध्यानात आले नाही. तो शांतपणे सांगत राहिला, की थोरला म्हणाला, डॉक्टरांनी उचलला, तात्यांनी उचलला, आता तू उचल. उचलायला हात पुढे केला आणि मनात आले, आता मीही उचलला तर राहिला थोरलाच. कुणीतरी खोटा ठरणार, आणि देवाचा कोप होणार तो आमच्याच वाड्यावर. थोरल्याची नातवंडे तिथे खेळत होती.

“म्हून हात मागं घेतला,” मायाप्पा म्हणाला. “तुमी दोगं शिकलेली मानसं. तुमी कशाला खोटं उचलाल?”

मग मी त्याला सगळे सांगितले. प्रत, पेन्सिलीचा गोल, दलाल, पडद्यापुढचे पोते. एक गोष्ट लपवली नाही. सांगून झाल्यावर मी खणातून काच काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती छपराच्या उजेडाकडे धरली. पक्षीण दिसली, अंडे दिसले, आणि मागे सगळा लाल रंग.

“टेकडी?”

“खरवडली,” मी म्हणालो.

तो धुवायला बोळा मागू लागला. खाली काही नाही, रंग धुतला तर नुसती काच राहील, हे मी त्याला समजावून दिले. त्याने त्या लाल जागेवर बोट ठेवले आणि बुरूज होता तिथे ते बरोबर थांबवले. मग काच माझ्याकडे दिली.

“थोरला आला तवा ही कुटं व्हती?”

मी खण दाखवला.

“आन् थोरला?”

मी टेबलापुढची जागा दाखवली. मायाप्पा त्या जागेवर जाऊन उभा राहिला. तिथून त्याने खणाकडे हात लांब करून पाहिला. हात पुरला.